सोडलेलं पाणी गेलं कुठं? पांझरेच्या एका आवर्तनाचं प्रकरण

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. आखाजी (अक्षय तृतीया) दहा-बारा दिवसांवर आलेली, माहेरवाशिणी यायला लागलेल्या, घरोघर माणसं वाढलेली आणि गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीवर सकाळी मोटर चालू केली की वीस मिनिटांत पाइपातून फेस यायचा. आमचं गाव पांझरेच्या काठावर, धुळ्याच्या पुढे नदी उत्तरेला वळते त्या टप्प्यात, बेटावदच्या थोडं वर. विहीर नदीपात्रालाच लागून आहे, म्हणजे नदीत पाणी तर विहिरीत पाणी, एवढा साधा मामला आहे.

वर अक्कलपाड्याला धरणात पाणी होतं, पिण्यासाठीचं आरक्षण ऑक्टोबरनंतरच्या बैठकीत ठरलेलं होतं, काठावरच्या ग्रामपंचायतींची मागणीपत्रं गेलेली होती, आणि एके दिवशी सकाळी खरोखर आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक दिवस नदीत सोडायचं पाणी, सुटलं. व्हॉट्सॲपवर गेटमधून उसळणाऱ्या पाण्याचे फोटो आले, लोकांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले, कोणीतरी आमच्या पुलावर नारळही आणून ठेवला. चौथ्या दिवशी पाणी धुळ्यात मोठ्या पुलाखालून गेलं असा फोन आला. मग सहावा दिवस गेला, आठवा गेला, दहावा गेला. अकराव्या दिवशी गेट बंद झालं आणि पाण्याचं तोंड आमच्या गावापासून सात किलोमीटर वर एका खड्ड्यात येऊन थांबलं ते थांबलंच. नारळ पुलावरच राहिला.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. गिरणेला पण होतं, तिकडे 1969 पासून मोठं धरण आहे, तिथून उन्हाळ्यात पिण्यासाठी नदीतूनच पाणी सोडतात, आणि चाळीसगाव-भडगाव-पाचोऱ्याकडून खाली जळगावच्या कानळद्यापर्यंत पाणी पोचणार का याची चर्चा दरवर्षी असते. पण मी जे स्वतः बघितलं, चाललो, मोजलं ते पांझरेचं आहे म्हणून तेच लिहितो.

तेव्हा गावात प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. कोणी म्हणे पाणी कमीच सोडलं, कोणी म्हणे वाळूवाल्यांच्या खड्ड्यांनी गिळलं, कोणी म्हणे वरच्या गावांनी बंधाऱ्याच्या पाणी अडवायच्या फळ्या काढल्याच नाहीत, आणि कोणी म्हणे नदी आता मेली, सोडा नाद. मला यातलं काहीच पटत नव्हतं आणि काहीच खोटंही वाटत नव्हतं. गेट बंद झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आणि आमचे आप्पा (सख्खे नाहीत, भाऊबंदकीतले, वय पंच्याहत्तरच्या पुढे) मोटरसायकलवर बसलो, पाणी जिथं थांबलं होतं तिथं गेलो आणि तिथून पात्रातून वरच्या दिशेनं चालायला लागलो. आप्पांना घ्यायचं कारण म्हणजे त्यांचे वडील आमच्या बंधाऱ्यावर जागल्या होते. जागल्या म्हणजे काय ते पुढे सांगतो, या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथंच आहे असं माझं मत झालंय.

आधी नदी समजून घ्यावी लागते. पांझरा सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पिंपळनेरच्या बाजूला उगम पावते. तिथं पश्चिमेच्या डोंगराला बऱ्यापैकी पाऊस पडतो, पण डोंगर उतरून साक्रीच्या पुढे आलं की सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तर पाऊसकाळ बरा म्हणायचा, आणि तोही थोड्याच दिवसांत पडून जातो. साक्रीकडून कान नदी येऊन मिळते. मग पांझरा सरळ पूर्वेला धुळ्यापर्यंत येते, धुळं ओलांडते, आणि नंतर एकदम उत्तरेला वळून शिंदखेडा आणि अमळनेर तालुक्यांच्या मधून खाली मुडावदला कपिलेश्वराजवळ तापीला मिळते. आमच्या टप्प्यात एका काठावर धुळे जिल्हा आणि दुसऱ्या काठावर जळगाव जिल्हा. मांडळ, मुडी हे जळगावात, बेटावद धुळ्यात, नदी एकच. पाणी सोडायचं ठरतं तेव्हा ही गोष्ट लहान राहत नाही, कारण अर्धे अर्ज एका कलेक्टर ऑफिसात आणि अर्धे दुसऱ्या.

जमिनीखाली सगळा बेसाल्ट, काळा पाषाण. तो पाणी फारसं पीत नाही, म्हणून पाऊस पडला की नदी काही तासांत भरते आणि तेवढ्याच लवकर उतरते. शिवाय धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीत उभ्या भिंतींसारखे डाईक आहेत, लाव्हा भेगांत घुसून थिजलेला, शेकड्यांनी आहेत, आणि ते साधारण पूर्व-पश्चिम पसरलेत. गंमत बघा (गंमत म्हणजे खरंच विचार करण्यासारखी गोष्ट), नदी वर पूर्वेला वाहते तेव्हा ती या भिंतींना समांतर असते, पण आमच्याकडे उत्तरेला वळली की तिला त्या आडव्या छेदत जावं लागतं. जिथं असा कठीण खडक पात्रात आडवा येतो तिथं त्याच्या वरच्या अंगाला वाळूत पाणी धरून राहतं आणि खालच्या अंगाला पात्र कोरडं ठणठणीत. जुन्या लोकांनी बंधारे बांधायला जागा निवडल्या त्या बघितल्या तर पाया खडकावरच सापडतो. आप्पांनी चालताना मला अशा दोन जागा पायानं ठोकून दाखवल्या.

म्हणजे ही नदी कधीच गंगेसारखी नव्हती. पावसाळ्यात ती अंगावर येते, 1872 चा पूर धुळ्याच्या इतिहासात लिहिलेला आहे आणि 2019 च्या ऑगस्टचा पूर तर आपण सगळ्यांनी मोबाइलवर बघितला, काठावरची मंदिरं, रस्ते पाण्याखाली. आणि तीच नदी एप्रिलात वाळूचा रस्ता असते. लोक म्हणतात नदी मेली, पण माझ्या मते कोरडी दिसणारी अशी नदी वाळूच्या आत वाहत असते. आमच्या लहानपणी बाया पात्रात हातानं झिरा खोदायच्या, हात-दीड हातावर पाणी लागायचं, वाटीवाटीनं हंडा भरायचा, आणि ते पाणी विहिरीपेक्षा गोड असायचं. वाळूची एक खासियत आहे, पाणी वरच्या थरापासून दोन-एक फूट खाली गेलं की ऊन त्याला फारसं उडवू शकत नाही. धरणातलं पाणी उन्हानं उडतं, वाळूतलं टिकतं.

आता चालण्याकडे येतो. पहिल्याच तासात जो खड्डा लागला, ज्यात पाण्याचं तोंड येऊन थांबलं होतं, तो बघून मला राग आला होता. अंदाजे 100 मीटर लांब, 50 रुंद, 3 मीटर खोल. वाळू काढून खालची पिवळी माती उघडी पडलेली. मी मनात ठरवूनच टाकलं की आरोपी सापडला. पण संध्याकाळी घरी बसून हिशोब केला आणि माझाच समज चुकीचा निघाला. एवढ्या खड्ड्यात मावतं 15 हजार घनमीटर पाणी, म्हणजे दीड कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं. सोपं जावं म्हणून 200 क्युसेकचं आवर्तन धरा, 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरच्या वर, तर 200 क्युसेकनं हा खड्डा भरायला पाऊण तास लागतो. फक्त पाऊण तास! असे शंभर खड्डे असतील तर तीन दिवस जातील हे खरं आहे, आणि वाळू उपशानं झिरे गेले, विहिरींची पातळी गेली, वाळूनं जे पाणी झाकून ठेवलं असतं ते खड्ड्यात उघड्यावर उडून जातं, या सगळ्याचा मला आजही तितकाच राग आहे, एक ब्रास म्हणजे 100 घनफूट वाळू गेली की 25-30 घनफूट पाण्याची साठवण गेली असं मी मानतो. पण आमचं पाणी त्या अकरा दिवसांत न पोचण्याचं मुख्य कारण खड्डे नव्हते.

मग वाळूनं किती प्यायलं? कोरड्या वाळूत कणांच्या मधे साधारण पंचवीस ते तीस टक्के जागा पाण्यासाठी मोकळी असते. 100 मीटर रुंद पात्र, 1 मीटर वाळू, तर एका किलोमीटरला 25-30 हजार घनमीटर पाणी नुसतं भिजवायला लागतं. आमच्यापर्यंत असं साठेक किलोमीटर पात्र धरलं तर 16-17 लाख घनमीटर, आणि 200 क्युसेकनं दिवसाला पाचेक लाख घनमीटर येतं, म्हणजे साडेतीन दिवसांचं पाणी वाळूची तहान. प्रत्यक्षात कुठं वाळू शिल्लकच नाही, कुठं खडक उघडा आहे, त्यामुळे थोडं कमीच. हे पाणी वाया गेलं असं मी म्हणणार नाही, ते काठावरच्या विहिरींना परत मिळतं. पण अकरा दिवसांतले साडेतीन गेले तरी साडेसात उरतात. ते कुठं गेले?

दुसऱ्या दिवशी परत चाललो, या वेळी फक्त मोटरा मोजायला. सहा किलोमीटरच्या टप्प्यात दोन्ही काठ धरून 41 निघाल्या. पाणबुडी मोटरा, काठावर ठेवलेले मोनोब्लॉक, तीन डिझेलची इंजिनं, एक ट्रॅक्टरला जोडलेला पंप, काळे पाइप सापासारखे पात्रात उतरलेले, फुटवॉल खड्ड्यातल्या उरलेल्या पाण्यात. पाच हॉर्सपॉवरची मोटर पंधरा मीटर उचल असेल तर सेकंदाला 12 लिटरच्या आसपास ओढते. 41 मोटरा म्हणजे 490 लिटर, म्हणजे 17 क्युसेक. हाच दर साठ किलोमीटरला धरला तर 170 क्युसेकच्या वर. दोनशेतले एकशे सत्तर. सगळ्या एकाच वेळी चालत नाहीत, निम्म्या धरा, तरी 85 क्युसेक रात्रंदिवस उचललं जातंय. मी तो कागद तीनदा तपासला.

आवर्तनाच्या काळात काठावरच्या शेतीच्या फीडरची वीज बंद करतात, तशी त्या वेळीही केली होती. पण डिझेल इंजिनाला वीज लागत नाही, आणि नदीपासून पन्नास फुटांवरची विहीर कागदावर विहीर असते, नदी नसते. त्या 41 मधल्या दोन मोटरा आमच्या भाऊबंदांच्या निघाल्या. एक माझ्या सख्ख्या काकांची, त्यांनी पपई लावलेली होती आणि झाडं वाचवायला एक पाणी द्यायचंच होतं, पपईनं एक पाणी चुकवलं की वर्षाची कमाई जाते. त्यांच्याशी मी भांडू शकलो नाही. एकानं मोटर बंद ठेवली तर त्याचं पाणी खाली जात नाही, शेजारचा उचलतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि ते खरंही होतं. प्रकरणाची गाठ इथं आहे. कोणी लबाड नाही, पण पाण्याला मालकही नाही आणि राखणदारही नाही.

आता जागल्याकडे येतो. खान्देशात पांझरेवर, आणि तिकडे बागलाणात मोसम-आरम नद्यांवर, तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आलीये. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, चारीतून शेताशेतात बारे (शेतात पाणी सोडायची तोंडं), आणि जास्तीचं पाणी परत नदीत सोडायला सांडम. उतारानं पाणी आपोआप जातं, उपसायचं काही नाही. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे साधारण चार फड पाडलेले. एका फडात एकच पीक, कुठं ऊस, कुठं भुसार, आणि कोणत्या फडाला यंदा पाणी द्यायचं, कोणता पडीत ठेवायचा हे गाव बसून ठरवायचं. शेतकऱ्याची जमीन एकाच फडात नसायची, प्रत्येक फडात तुकडा असायचा. याचा अर्थ काय होतो ते नीट बघा. पाऊस कमी झाला, दोनच फड भिजणार असं ठरलं, तर नुकसान एकाच माणसाच्या डोक्यावर पडत नव्हतं, सगळ्यांचंच थोडं थोडं व्हायचं. तुटवडा वाटून घ्यायची इतकी साधी व्यवस्था मला दुसरीकडे दिसली नाही.

आणि पाणी द्यायला शेतकरी स्वतः जात नव्हता. पाटकरी, हवालदार, जागल्या अशी गावानं नेमलेली माणसं असायची, गावागणिक नावं आणि कामं थोडी बदलतात. जागल्या रात्री कंदील घेऊन पाण्यासोबत चालायचा, बारा उघडायचा, शेत भिजलं की बंद करायचा, पुढच्या शेताला जायचा. शेतमालकानं स्वतः बारा फोडला तर पंचांपुढे उभं राहावं लागायचं. मजुरी धान्यात, प्रत्येकाच्या खळ्यावरून. इंग्रजांच्या 1879 च्या पाटबंधारे कायद्यात अशा बंधाऱ्यांना दुसऱ्या वर्गाची कामं म्हणून जागा मिळाली, हक्कांच्या नोंदी झाल्या, म्हणजे सरकारनंही ते मान्य केलं होतं. त्याच्याआधी 1802-04 च्या काळात होळकरांच्या फौजा आणि दुष्काळ यांनी खान्देश उजाड झाला, बंधारे फुटले, गावं ओस पडली, तरी माणसं परत आली तशी फडाची पद्धतही परत उभी राहिली.

आमच्याकडे ती मोडली ती नंतर, आणि हळूहळू. विजेची मोटर आली आणि प्रत्येकाला आपल्या विहिरीवर आपल्या मर्जीचं पीक घेता यायला लागलं, यात कोणाला दोष देणार, माझं शिक्षण त्याच मोटरीच्या कापसावर झालंय. वर लाटीपाडा, कानवर मालनगाव, मग खाली अक्कलपाडा अशी धरणं झाली, पावसाळ्यानंतरची धार कमी झाली. आप्पांच्या आठवणीत आमच्या बंधाऱ्यावरून होळीपर्यंत पाणी पडायचं. पुरात बंधाऱ्याचा कोपरा खचला, दुरुस्तीला पैसे जमले नाहीत, पाट बुजला, त्याच्यावर आता रस्ता आहे. जमिनीला लोक अजून फडाची जमीन म्हणतात, एवढंच राहिलं.

चालताना आप्पा एका जागी बसले, चंची काढली, पान लावलं आणि म्हणाले, “पानी आपेआप चालस नही भो, त्याले चालाडनं पडस.” म्हणजे पाणी आपोआप चालत नाही, त्याला चालवावं लागतं. माझ्या डोक्यात ते तिथंच बसलं. आपण आवर्तन म्हणजे गेट उघडणं असं समजतो. गेट उघडलं की नंतरचे साठ-सत्तर किलोमीटर पाण्यानं एकट्यानं चालायचं, कोणी सोबत नाही. आणि फडात तीन-चार किलोमीटरच्या पाटासाठी सुद्धा माणूस चालत होता.

2005 चा सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आहे, त्यात पाणी वापर संस्था आहेत, पण त्या मुख्यतः कालव्याच्या लाभक्षेत्रासाठी बनलेल्या. कोरड्या नदीपात्रातून पिण्याचं पाणी न्यायचं तर त्या साठ किलोमीटरवर कोणती संस्था बसते? माझ्या बघण्यात कोणतीच नाही. ही माझी तक्रार कोणा एका ऑफिसवर नाही, जागाच रिकामी आहे.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही काय केलं ते सांगतो. दोन्ही काठांवरची नऊ गावं, दोन्ही जिल्ह्यांची, मारुतीच्या पारावर दोनदा बसली. पहिली बैठक भांडणात गेली. दुसऱ्या बैठकीला मी मोटरांचा कागद नेला, आणि आधी आमच्या गावाच्या मोटरा वाचून दाखवल्या, काकांच्या नावासकट, त्यांना आदल्या रात्री विचारून. ते स्वतः समोर बसले होते, मान हलवली. त्यानंतर बाकीच्या गावांनी आपापल्या मोटरा स्वतःच सांगितल्या. ठरलं ते असं की पाणी येण्याच्या आधीच ज्याला फळबागेला पाणी द्यायचंय त्यानं विहिरीतून देऊन घ्यायचं, पाण्याचं तोंड गावाच्या शिवेत शिरलं की तोंड खालच्या शिवेबाहेर जाईपर्यंत आणि त्यानंतर दोन दिवस काठावरचं एकही इंजिन चालणार नाही, आणि प्रत्येक गावाची दोन माणसं आपल्या शिवेत पाण्यासोबत चालतील, रात्री पण, आणि खालच्या गावाच्या दोन माणसांच्या ताब्यात पाणी देऊनच घरी जातील. बंधाऱ्याच्या फळ्या तोंड यायच्या आदल्या दिवशी काढायच्या, आणि शेवटच्या गावाची विहीर भरली की खालून वर एकेक करत परत लावायच्या, म्हणजे मागून येणारं पाणी प्रत्येकाला अडवता येईल. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा ठरला, कारण वरच्या गावाला फळ्या काढायला सांगायचं तर त्यांना नंतर पाणी मिळेल याची खात्री द्यावीच लागते.

एप्रिलात आवर्तन सुटलं. आमच्या नऊ गावांच्या वर काय होईल ते आमच्या हातात नव्हतं, तिथं पाणी घटलंच. पण आमच्या पहिल्या गावाच्या शिवेत शिरल्यावर तोंड कुठं दीड दिवस अडकलं नाही. रात्री दोन वाजता वरच्या गावाचे दोन पोरं बॅटऱ्या घेऊन आमच्या शिवेवर आली, पाण्याची एक वितभर जाड धार त्यांच्या पायांपुढे वाळूत सरकत होती, कोरडी पानं, थर्माकोल, फेस पुढे ढकलत, आणि ती वाळूत मुरताना एक बारीक चरचर आवाज येतो, तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. एका तासात ते शे-दोनशे मीटर सरकलं असेल. आप्पांना उठवायला गेलो तर ते आधीच पारावर येऊन बसलेले.

नवव्या दिवशी पाणी आमच्या विहिरीपाशी आलं, विहीर तीन दिवसांत पाच फूट वाढली. आमच्या खालच्या दोन गावांनाही मिळालं. मुडावदपर्यंत मात्र नाही पोचलं, शेवटची गावं तशीच राहिली, त्यांनी टँकर लावले. एका गावात दुसऱ्या रात्री दोन इंजिनं चालली, तिथं वाद झाला, तो अजून पूर्ण मिटलेला नाही. यंदाच्या बैठकीत त्या शेवटच्या चार गावांना बोलावलंय, आणि वरच्या बाजूला धुळ्याकडच्या गावांशी बोलायला काका आणि आप्पा जाणार आहेत, काकांनी स्वतःहून नाव दिलं. मोटरांची नवीन मोजणी दिवाळीनंतर लगेच सुरू करतोय, या वेळी काठापासून शंभर फुटांतल्या विहिरी पण धरून.